शहाणपणाची कसोटी

नव्या करारांत याकोबाचें एक लहानसें पत्र आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभींच तो बजावतो कीं, पुष्कळांनीं शिक्षक होऊं नये. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल. सारा जन्म मास्तरकींत घालविलेल्या मला हें वाचतांना चोरट्यासारखें वाटतें. एका मंद मुलाच्या चुकीवर मीं केलेली कोटी आठवते. वर्ग हंसला, त्या मुलानें मात्र पुढें कधीं प्रश्न विचारला नाहीं.

पुढें याकोब पुसतो, तुमच्यांत शहाणा कोण? आणि परीक्षा विद्येची न घेतां वर्तनाची घेतो. ज्या ज्ञानाच्या पोटीं मत्सर आहे, तें वरून आलेलें नव्हे. वरचें ज्ञान सौम्य व दयेनें भरलेलें असतें.

या कसोटीला कोण उतरलें, असें मनाशीं म्हटलें कीं पंडिता रमाबाई डोळ्यांपुढें येतात. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ सालीं त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून निराधार मुली आणून संभाळल्या, हें सर्वश्रुत आहे. मला अधिक नवल वाटतें तें त्यांच्या बायबलाचें. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून तें मराठींत आणतांना, एवढ्या संस्कृतज्ञ बाईनें जड संस्कृत शब्द कटाक्षानें टाळले. कां, तर अल्पशिक्षित बायकांना तें वाचतां यावें. १९२२ सालीं त्या वारल्या. ग्रंथ छापला गेला तो केडगांवीं, मुक्तिसदनाच्या छापखान्यांत. खिळे जुळविणाऱ्या त्यांच्याच मुली होत्या.