द्रावणांतून जन्मणारे सोन्याचे कण

नवी मुंबईंत ठाणे-बेलापूर मार्गालगत पावणे येथें कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तेथील हिंदुस्थान प्लॅटिनम या कारखान्यांत मौल्यवान धातूंचे उत्प्रेरक तयार होतात. अशा उत्प्रेरकांपैकीं एक म्हणजे कोळशाची काळी भुकटी. अनोळखी माणूस ती हातावरून झटकून टाकील. परंतु तिच्या शंभर भागांत सामान्यतः ५ ते १० भाग पॅलेडियम असतें. औषधांच्या रेणूंना हायड्रोजन जोडण्याचें काम ही भुकटी करते. मग तितक्याच वजनाची पॅलेडियमची पट्टी भांड्यांत टाकून कां भागत नाहीं? कारण हें काम धातूच्या केवळ पृष्ठभागावर चालतें. पोटांतील अणू निरुद्योगी राहतात.

श्रोतेहो, सोन्याचा हिशेब पाहावा. एक ग्रॅम सोन्याचा ठोकळा केला, तर त्याचा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरहि भरत नाहीं. त्याच सोन्याचे २० नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर तो सुमारें १५ चौरस मीटर, म्हणजे एका बऱ्यापैकीं खोलीएवढा होतो. असे ५०,००० कण ओळीनें मांडले, तर लांबी एक मिलिमीटर भरेल. मऊ सोनें कुटून असे कण मिळत नाहींत. कुटल्यानें तें पसरतें. म्हणून ते द्रावणांतच जन्मास घालावे लागतात.

त्यासाठीं प्रथम सोनें अम्लराजांत विरघळवितात. त्यापासून मिळणारें संयुग पाण्यांत घातलें कीं पाणी फिकट पिवळें होतें. हें पाणी उकळत असतां त्यांत सायट्रेट, म्हणजे लिंबांतील आम्लाचा क्षार, घालतात. सायट्रेटकडून सोन्याला इलेक्ट्रॉन मिळतात आणि पाण्यांत सुखानें नांदणारें सोनें धातुरूप होऊन बाहेर पडूं पाहतें. पिवळा रंग जातो, पाणी करडें होतें, मग जांभळें, आणि कांहीं मिनिटांत माणकासारखें लाल. प्रिन्स्टन येथील जॉन टर्केविच यांनीं १९५१ सालीं या कृतीचा कसून अभ्यास केला. त्यापूर्वीं १८५७ सालीं मायकेल फॅराडे यांनीं फॉस्फरसच्या साह्यानें असेंच लाल पाणी केलें होतें, आणि हा रंग अतिसूक्ष्म सोन्याचाच आहे असें सांगितलें होतें.

कण लहान होणार कीं मोठे, हें कशावर ठरतें? तूप कढविणाऱ्या गृहिणीला याचें उत्तर अर्धें ठाऊक असतें. तूप हळूहळू निवालें तर बीजें थोडीं पडतात आणि रवा मोठा होतो. झटकन थंड केलें तर बीजें पुष्कळ पडतात आणि रवा बारीक राहतो. सोन्याचेंहि तसेंच आहे. पुष्कळ बीजें एकदम पडलीं, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडें सोनें येतें. कण लहान व सारखे होतात. बीजें मागाहून पडत राहिलीं, तर लहानमोठ्यांची सरमिसळ होते. सायट्रेट वाढविलें तर कण लहान आणि कमी केलें तर मोठे होतात, असें फ्रेन्स यांनीं १९७३ सालीं दाखविलें.

जन्मलेले कण जपावेहि लागतात. सायट्रेट त्यांच्या अंगावर बसून त्यांना ऋण विद्युद्भार देतें, म्हणून ते परस्परांना दूर लोटतात. थोडें मीठ टाकलें कीं हें संरक्षण ढासळतें. कण चिकटतात आणि लाल पाणी निळें होतें. घरीं वापरावयाच्या अनेक तपासणी-पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघ याच कणांची असते. ते आधींच चिकटले असतील, तर रेघ फसवी ठरेल. आणि त्या रेघेकडे डोळे लावून एखादें कुटुंब बसलेलें असतें.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं याच विषयाला निराळें वळण दिलें. त्यांनीं सायट्रेटऐवजीं गवती चहाच्या जातीच्या गवताचा अर्क वापरला. तेव्हां गोल कणांऐवजीं पुष्कळसे चपटे त्रिकोण मिळाले. प्रथम झालेले गोल कण जणूं पातळ असावेत तसे एकमेकांत मिसळून त्रिकोण बनतात, असें त्यांस दिसून आलें. हे त्रिकोण डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरणहि शोषून घेतात. धातु तोच, सोबत बदलली, आणि आकार व गुण दोन्ही बदलले.

पॅलेडियमच्या भुकटीचेंहि कालांतरानें बळ सरतें. कण एकमेकांस मिळून मोठे होणें हें त्याचें एक कारण. तेव्हां कोळसा जाळून धातु पुन्हां आम्लांत विरघळवितात. त्याचा एक अणूहि झिजलेला नसतो. बिघडलेली असते ती त्यांची मांडणी. म्हणून द्रावणांतील तो जन्म पुन्हां पहिल्यापासून, तितक्याच काळजीनें घडवावा लागतो.