माझी ॲटलस
पार्किंगमधली ती काळी ॲटलस कुणाची, असं मुलं विचारतात. माझी. १९७४ साली धुळ्याला बँकेत लागलो, तेव्हा घेतलेली. धुळ्याचं घर रिकामं केलं, तेव्हा मुलानं ती गाडीच्या टपावर बांधून जळगावला आणली. पारोळ्याजवळ दोरी सैल झाली, सायकल खाली. चिमटा वाकला, चाकाला आउट आला. पोरगा रडवेला. म्हटलं, "अरे, मागून कुणी येत नव्हतं, हे नशीब!" पोटात मात्र कालवलं.

इथल्या मिस्त्रीनं आरे ताणून चाक सरळ केलं. चिमटा ठोकायला मात्र नाही म्हणाला. वाकलेला पाइप पुढं तिथंच तुटतो. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकलदिनी, बंद पडलेला. शेवटी दुसऱ्या कंपनीचा चिमटा बसवला. जुना बाल्कनीत आहे. सौ. म्हणते, भंगारात द्या. तेवढं होणार नाही.