द्रौपदी कुणाशी बोलते आहे?

आज एका ओडिया कादंबरीबद्दल बोलायचं आहे, आणि ती लिहिणाऱ्या बाईंबद्दल. कादंबरी 'याज्ञसेनी', लेखिका प्रतिभा राय. २०११ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. ओडिया भाषेला तो मिळण्याची ही चौथी वेळ, पण ओडिया लेखिकेला मिळण्याची पहिलीच.

महाभारतातल्या एखाद्या व्यक्तीने स्वतः बोलू लागावं, हे आपल्याला नवं नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधनही बोलतो. एक जण थांबला की दुसऱ्याचं ऐकायचं आणि सत्य कुठे आहे ते आपण ठरवायचं. 'याज्ञसेनी'त मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटी द्रौपदीच बोलते. म्हणून ही कादंबरी हातात घेताना 'कोण बोलतंय' यापेक्षा 'कुणाशी बोलतंय' हे आधी विचारावं, असं मला वाटतं.

प्रसंग महाप्रस्थानाचा. हिमालयाच्या चढणीवर द्रौपदी कोसळली आहे, नवरे पुढे निघून गेले आहेत, आणि ती पत्र लिहिते आहे. हे पत्र कृष्णाला आहे, आपल्या सख्याला. आता महाभारताचा क्रम आठवा. पांडव निघतात ते कृष्णाचा अंत झाल्यानंतर. म्हणजे ज्याला पत्र लिहायचं तो या जगातच उरलेला नाही. शिवाय जे सांगायचं ते सगळं त्याला ठाऊक आहे. स्वयंवराच्या मंडपात तो होता. वस्त्रहरणाच्या वेळी तिने हाक मारली तीही त्यालाच. ज्याला सगळं माहीत आहे त्याला माणूस पुन्हा अथपासून इतिपर्यंत का सांगतो? माहिती देण्यासाठी तर नक्कीच नाही. जाब विचारायचा असेल तेव्हा सांगतो, नाहीतर तूच तेवढा उरलास म्हणून सांगतो. 'याज्ञसेनी'त ही दोन्ही कारणं एकमेकांत गुंतली आहेत, आणि कादंबरीची सगळी ताकद त्या गुंत्यात आहे.

प्रतिभाताईंनी हा गुंता आणखी आवळला आहे. त्यांच्या कादंबरीत द्रौपदीचं मन आधी कृष्णाकडेच लागलेलं असतं आणि तोच तिला अर्जुनाकडे वळवतो. पुढे अर्जुनाने जिंकून आणलेली ही मुलगी सासूच्या एका वाक्यासरशी पाच जणांत वाटली जाते. म्हणजे आपल्या आयुष्याची गोष्ट ती ज्याला सांगते आहे, त्याचाच त्या गोष्टीत हात आहे. वाचताना 'तू' हा शब्द आला की क्षणभर थांबा. कुठे तो लाडाचा आहे, कुठे तक्रारीचा, आणि कुठे ती बोलता बोलता त्याला विसरून स्वतःशीच बोलू लागली आहे, हे कानाला कळायला लागतं. गायकाचा तोच स्वर प्रत्येक वेळी वेगळा लागावा, तसं.

ओडिशात कृष्ण म्हटलं की डोळ्यांपुढे पुरीचा जगन्नाथ उभा राहतो. काळा, मोठ्या वाटोळ्या डोळ्यांचा. त्याच्याशी सलगीने बोलणं, रुसणं, त्याला बोल लावणं ही तिथली जुनी रीत आहे. सालबेगासारख्या मुसलमान कवीनेही त्याला आर्जवं केली. विठोबाशी भांडणारी जनाबाई आपल्या कानात असल्यामुळे हा सूर आपल्याला परका वाटत नाही. आणि द्रौपदीही कृष्णाच, सावळी. याच प्रतिभाताईंनी पुरीच्या पुजाऱ्यांच्या वर्णभेदावर लेख लिहिला होता, धर्माचा रंग काळा आहे अशा अर्थाचा, आणि त्यावरून त्यांच्यावर बदनामीचा खटलाही झाला. देवाशी जाब-जबाब करणारी नायिका लिहिणं आणि देवाच्या सेवेकऱ्यांना जाब विचारणं, या दोन गोष्टींत मला तरी फार अंतर दिसत नाही.

त्यांचा जन्म १९४३ सालचा, आताच्या जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या अलाबोल गावचा. वडील गांधीवादी शिक्षक. त्या स्वतः महाविद्यालयात शिकवत, डॉक्टरेट शिक्षण-मानसशास्त्रातली. पुढे मलकानगिरीच्या डोंगरांत बोंडा आदिवासींमध्ये जाऊन त्यांनी संशोधन केलं. बोंडांमध्ये नवरी नवऱ्यापेक्षा चांगली काही वर्षांनी मोठी असते. त्या अनुभवातून 'आदिभूमी' ही कादंबरी आली. कोणार्कचं देऊळ घडवणाऱ्या कारागिरांवर 'शिलापद्म', आणि १९९९च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या महाचक्रीवादळावर 'मग्नमाटी'. त्या वादळाने सर्वांत जास्त माणसं नेली ती त्यांच्याच जिल्ह्यातली.

'याज्ञसेनी' १९८४ची. तिला पुढे मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. ती लिहावीशी का वाटली याचं कारण त्यांनी सांगितलं आहे. ओळखीतल्या एका दुःखी बाईवर लोकांनी टोमणा मारला, तोही द्रौपदीचं नाव घेऊन. पाच नवरे असूनही मन भरलं नाही, अशा अर्थाचा. हा टोमणा आपल्याकडेही चालतो. विठ्ठल उमपांनी गाजवलेलं 'जांभूळ आख्यान' आठवतं ना? द्रौपदीच्या मनात कर्ण आहे, आणि ते कबूल करायला लावणारं ते जांभूळ. पंधराव्या शतकात सारळा दासांनी ओडियात महाभारत रचलं, त्यातही अवेळी मागितलेल्या आंब्यासाठी सगळ्यांना मनातलं खरं बोलावं लागतं अशी कथा आहे. लोककथेत कबुली वदवून घेतली जाते. प्रतिभाताईंची द्रौपदी आपणहून बोलते, कर्णाबद्दलची मनातली ओढही लपवत नाही.

आता थोडी कुरकुर. ही द्रौपदी कधी कधी फार समजूतदार होते. राग उसळतो आणि लगेच त्याला खुलाशाचं पांघरूण मिळतं. शेवटाकडे ती युद्धाबद्दल, जगाच्या भल्याबद्दल बोलू लागते, तिथे मला तिच्यापेक्षा लेखिकेचाच आवाज जास्त ऐकू येतो. भाषाही फुलोऱ्याची आहे, तिला काटछाट सोसली असती.

म्हणून माझी सूचना अशी. 'याज्ञसेनी'सोबत इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मधलं द्रौपदीचं प्रकरण काढून ठेवा. तिथेही ती त्याच चढणीवर पडली आहे. पण इरावतीबाईंनी कल्पिलेल्या त्या शेवटच्या घटकेत तिच्याकडे मागे फिरून येतो तो भीम, आणि तिचं बोलणं होतं ते त्याच्याशी, अगदी थोडक्यात. एकीला सखा हवा, दुसरीला हाडामासाचा नवरा सापडतो. त्या एका फरकाने दोन्हीकडच्या वाक्यांची लांबी कशी बदलते, ते मोठ्याने वाचून पाहा. वस्त्रहरणाच्या प्रसंगापासून सुरुवात केलीत तरी चालेल.