टाळ्यांनंतर काय?
१९८१ साली मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं. बाईवर प्रेम करणाऱ्या बाईची गोष्ट. १९९८ मध्ये 'फायर'वरून गोरेगावात चित्रपटगृहावर हल्ला झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. आज कॉलेजांत या विषयावर व्याख्यानं, नाटकं होतात, टाळ्या पडतात. पण घरी कळल्यावर मुलीचा मोबाईल काढून घेतात, घाईने स्थळं बघतात, तेव्हा तिने कुणाकडे जायचं? २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त सुनेसाठी नाही, आईबापाच्या घरी मार खाणाऱ्या लेकीसाठीही आहे. ती आपल्या केंद्रात आली, तर 'लग्न झालं की सगळं ठीक होईल' हे वाक्य आपल्या तोंडून निघता कामा नये.