महाग खेळाडू परवडतो का?
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सरकारी खात्यातला डिप्लोमावाला माणूस. एस्टिमेट करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे सामना बघताना हिशोबाकडेही लक्ष जातं. मागच्या बैठकीत विषय निघाला होता, की आपल्या टेनिस बॉल संघासाठी दोन बाहेरचे खेळाडू मानधन देऊन आणावेत का? मोठ्या क्लबांचा अनुभव यावर काय सांगतो, तेवढं आज मांडतो.

पहिलं उदाहरण घरचंच. हार्दिक पंड्याचा जन्म सुरत जिल्ह्यातला. मुंबई इंडियन्सने २०१५ मध्ये त्याला अवघ्या १० लाखांत घेतलं. पुढे गुजरात टायटन्सने त्याला १५ कोटींना नेलं आणि २०२२ मध्ये पहिल्याच वर्षी करंडक जिंकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने पैसे मोजून त्याला परत आणलं आणि रोहित शर्माच्या जागी कप्तान केलं. २०२४ मध्ये मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून शेवटच्या क्रमांकावर राहिली. वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

मग मुंबईचं दिवाळं निघालं का? नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले आहेत. त्या उत्पन्नातला वाटा शेवटच्या संघालाही मिळतो. आणि हार्दिक गेला म्हणून गुजरातचा संघही बसला नाही. २०२५ मध्ये टोरेंटने, म्हणजे आपण ज्यांचं लाइटबिल भरतो त्यांच्याच समूहाने, त्यातला ६७ टक्के हिस्सा घेतला.

युरोपातल्या फुटबॉलमध्ये असं अंथरूण नाही. तिथे तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात आणि उत्पन्न एकदम घसरतं. तिथे खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून खर्ची टाकतात. लूमच्या मशीनचा आपण घसारा काढतो, तसंच ते. बार्सिलोनाने जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्होला १२ कोटी युरोंना घेतलं, वर कामगिरीनुसार आणखी रक्कम ठरली. करार साडेपाच वर्षांचा. म्हणजे पगार सोडून वर्षाला सुमारे २ कोटी १८ लाख युरो. पण त्याला नेमकं कुठे खेळवायचं, हेच जमलं नाही. २०१९ मध्ये तो उसनवारीवर बायर्न म्युनिकला गेला. पुढच्या वर्षी बायर्नने बार्सिलोनाला ८-२ असं हरवलं, त्यातले दोन गोल कुटिन्होचे! २०२२ मध्ये तो सुमारे २ कोटी युरोंना विकला गेला. मशीन महागाची, आणि कारखान्यात तिला लावायला जागाच नाही, अशी ती गत.

त्याला विकणाऱ्या लिव्हरपूलने काय केलं? त्यांचा बचाव कच्चा होता. त्यांनी व्हॅन डाइक हा बचावपटू आणि अ‍ॅलिसन हा गोलरक्षक घेतला. दोघेही महागडेच. पण २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये इंग्लंडची लीग त्यांनी जिंकली. तेव्हा महाग म्हणजे तोट्याचं, असं सरसकट म्हणता येत नाही. पाइप जिथे गळतो तिथेच पैसा लावला, तर तो वसूल होतो. नावावर भुलून लावला, तर घसारा तेवढा उरतो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याला प्रक्षेपणाचा वाटा नाही, आणि आणलेला खेळाडू पुढे विकताही येत नाही. आपला पैसा म्हणजे घरोघरी फिरून जमवलेली वर्गणी. माझा मुलगा गेल्या वर्षी बारावा खेळाडू होता, म्हणून मी एकतर्फी बोलतोय असं कोणाला वाटेल. वाटू द्या. पण बाहेरचे दोघे आले, की आपली दोन मुलं बाहेर बसणार, आणि पुढच्या वर्षी ती सरावालाही येणार नाहीत. हा खर्च कुठल्या पावतीवर दिसत नाही.

माझी सूचना एवढीच. आपल्याला खरी उणीव यष्टिरक्षकाची आहे. तेव्हा त्या रकमेतून मुलांना तीन महिने शिकवणारा एक चांगला माणूस आणू. करंडक यंदा नाही आला तरी चालेल, शिकलेली मुलं मंडळातच राहतील. शेवटी निर्णय सर्वांचा.

गणपती बाप्पा मोरया!