माहेरचे मैदान



हीरक महोत्सवात संस्थेच्या मिळकतीचा हिशेब मांडला जातो. त्यात एक नोंद अशीही असते, जी जमेच्या रकान्यात लिहावी की खर्चाच्या, हे सहसा ठरत नाही. ती नोंद म्हणजे मैदानावर घडलेली आणि मोठ्या संघात निघून गेलेली मुलगी.

भिलाईला हा प्रश्न नवा नाही. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये या गावाचे नाव देशभर घेतले जाते. भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेतील प्रशिक्षक राजेश पटेल यांनी कामगारांच्या आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींना हाताशी धरले आणि त्यांच्यातून छत्तीसगडचा बलाढ्य संघ उभा केला. अंजू लाकरा, सीमा सिंह, भारती नेताम ही नावे त्याच परंपरेतली. २०१८ साली पटेल सरांचे निधन झाले; पण पहाटेच्या सरावाची शिस्त त्यांनी या गावाच्या अंगी मुरवली.

अशा मुलींपुढे एक दिवस रेल्वेच्या नोकरीचे पत्र येते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत राज्यांच्या संघांबरोबर भारतीय रेल्वेचाही स्वतंत्र संघ उतरतो आणि रेल्वेच्या सेवेत गेलेली मुलगी तेथे रेल्वेकडून खेळते. दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचे मुख्यालय बिलासपूरला, म्हणजे घरापासून काही तासांवरच. अंतर थोडे असते, पण गणवेश बदलतो. कालची कर्णधार आज समोरच्या बाजूने चेंडू घेऊन धावत येते, तेव्हा बाकावर बसलेल्या जुन्या प्रशिक्षकाला टाळी वाजवावी की मान खाली घालावी, हे कळत नाही.

ही व्यथा खोटी नाही. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच खेळाडू असतात. त्यांतील दोघी गेल्या की संघाचा कणाच मोडतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी चेंडू हाताळायला शिकते आणि तिची जाण पक्व व्हायला सात-आठ वर्षे लागतात. त्या वर्षांचे श्रम कुणी केले आणि फळ कुणाच्या ओंजळीत पडले, असा प्रश्न मनात येणारच.

पण मुलीच्या बाजूनेही हा प्रश्न पाहावा लागतो. केवळ बास्केटबॉल खेळून मुलीला पोट भरता येईल अशी व्यवस्था आपल्याकडे अजून रुजलेली नाही. रेल्वेची नोकरी म्हणजे दरमहा वेतन, वैद्यकीय सोय, खेळ थांबल्यानंतरही टिकणारा आधार. ज्या घरात वयात आलेल्या मुलीला ‘आता खेळ पुरे’ असे सांगितले जाते, त्याच घरात तिच्या पगाराचा पहिला महिना उजाडला की तिच्या शब्दाला वजन येते. पुण्याची शिरीन लिमयेही महाराष्ट्रात घडली आणि पुढे रेल्वेच्या संघातून खेळली. या वाटेला स्वार्थ म्हणणे अन्यायाचे ठरेल.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण येथे उद्बोधक आहे. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल हा तेथील मातीतला खेळ. त्याच्या महिला संघटनेची स्थापना १९७४ साली झाली. तेथे खेळाडूला वेतन नसते. आपल्या गावाच्या क्लबकडून खेळणे हीच निष्ठा मानली जाते. त्यामुळे एखादी मुलगी बलवान क्लबकडे गेली की गाव हळहळते. तेथे प्रश्न प्रामुख्याने निष्ठेचा आणि विजयाच्या ओढीचा आहे. येथे त्यात भाकरीचाही प्रश्न मिसळलेला आहे. म्हणून तेथला न्याय येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. भिलाई स्वतःच घर सोडून आलेल्यांचे गाव आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीच्या उजेडाकडे विदर्भातून, आंध्रातून, केरळातून, पंजाबातून माणसे आली. खेळातही तेच घडले. उत्तर प्रदेशातील उंचपुरी पूनम चतुर्वेदी भिलाईत आली आणि छत्तीसगडकडून खेळली. तिच्या येण्याचा येथे अभिमान वाटला. येणारीचे औक्षण करायचे आणि जाणारीला कृतघ्न ठरवायचे, हे एकाच मापाने मोजणे नव्हे.

मग जुन्या मैदानाचे काय? जागतिक फुटबॉलमध्ये एक चांगला नियम आहे. करार चालू असताना खेळाडू रक्कम मोजून दुसऱ्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. घडवणाऱ्याचे ऋण तेथे कागदावर मान्य झाले आहे. आपल्याकडे नोकरी देणारी संस्था खेळाडू विकत घेत नाही, म्हणून असा वाटा ठरवणे अवघड आहे. तरीही तिच्या पहिल्या प्रशिक्षकाची नोंद व्हावी, तिच्या मूळ मैदानाला चेंडू, बूट, दुरुस्त कडी आणि जाळी मिळावी, एवढे तर निश्चित करता येईल.

राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये रेल्वेचा वेगळा संघ नसतो. तेथे रेल्वेतील खेळाडू आपापल्या राज्याकडून उतरू शकतात. तेवढ्या दिवसांसाठी का होईना, जुना गणवेश पुन्हा अंगावर चढतो. म्हणजे परतीची वाट अगदी बुजलेली नाही.

जाणाऱ्या मुलीला लोक ‘सासरी गेली’ असे कौतुकाने म्हणतात. या उपमेत एक धोका आहे. मुलगी परक्याचे धन, हा जुना समज तीत लपलेला आहे. मैदानाने तसे मानू नये. मुलगी कुणाचेच धन नाही. तिने वर्षातून एकदा सुट्टीत यावे, पाचवी-सहावीच्या मुलींसमोर चेंडू हातात घ्यावा आणि पहिला पास कसा द्यायचा ते दाखवावे, इतकीच अपेक्षा माहेराने करावी. त्या मुलींतलीच एखादी उद्या अशीच निघून जाईल. तिच्यासाठीही मैदान पहाटे साडेपाचला उघडे असले पाहिजे.