वाऱ्याला वाट देणारं चर्च



चर्च म्हटलं की आमच्या पालघर जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रं येतात. एक वसईच्या किल्ल्यातल्या चर्चचं. छप्पर गेलेलं, भिंती मात्र ताठ. दुसरं नाताळच्या भेटकार्डावरचं, टोकदार मनोऱ्याचं, भोवती बर्फ पसरलेलं. मी बोईसरला राहतो. आमच्याकडे बर्फ पडत नाही. मे महिन्यात बसल्या जागी घाम निथळतो आणि जून लागला की चार महिने पाऊस. अशा हवेत आजच्या काळातलं चर्च कसं असावं? या प्रश्नाचं एक फार चांगलं उत्तर आपल्याच पश्चिम रेल्वेवर, दादरला उभं आहे.

लोक त्याला पोर्तुगीज चर्च म्हणतात. खरं नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये ते स्थापन केलं. तेव्हा आमचं तारापूरही पोर्तुगिजांकडेच होतं. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर आणि वसई मराठ्यांनी जिंकली. दादर तोवर इंग्रजांकडे गेलेलं होतं. राजवटी बदलल्या, पोर्तुगीज हे नाव तेवढं चिकटून राहिलं. आजची वास्तू मात्र पोर्तुगीज नाही. ती १९७४ ते १९७७ या काळातली, आणि तिचे वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया.

हा काळ महत्त्वाचा आहे. १९६२ ते १९६५ मध्ये रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तोवर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आपल्याकडेही लॅटिनमध्ये होई आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीपुढे उभे राहत. परिषदेने लोकभाषेला दार उघडलं. मिस्सा मराठीत होऊ लागली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून बोलू लागले. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्येच छापलं गेलं होतं. उपासनेच्या मराठीला मात्र त्यानंतर साडेतीनशे वर्षं वाट पाहावी लागली. आता लांबट, बोगद्यासारख्या सभागृहापेक्षा माणसं वेदीभोवती जमतील अशी जागा हवी होती.

कोरियांनी दादरला एकच एक प्रचंड हॉल बांधला नाही. दालनं एकमेकांना जोडली आणि मधे उघडी अंगणं सोडली. जुन्या वाड्यात ओसरीतून चौकात आणि चौकातून माजघरात जावं, तसं इथे आपण सावलीतून उजेडात आणि पुन्हा सावलीत जातो. दालनांवर काँक्रीटची, वर निमुळती होत जाणारी, आतून पोकळ छपरं आहेत. त्यांच्या माथ्यावरून उजेड खाली येतो. गरम हवा हलकी, ती वर चढून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला अंगणातली हवा आत येते. चुलीच्या धुराड्याचंच हे तत्त्व, फक्त इथे धूर नाही. साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयात, १९६३ मध्ये, कोरियांनी अशीच चौकोनी दालनं आणि मोकळे चौक योजले होते.

या चर्चच्या छपरातल्या काचेवरचं चित्रकाम एम. एफ. हुसेन यांचं आहे. पंढरपूरला जन्मलेला मुसलमान चित्रकार, गोव्याच्या कॅथलिक घराण्यातला वास्तुशिल्पी आणि दादरचं चर्च. मुसलमान असून मराठीत कविता कशा लिहिता, असं मला आजही विचारलं जातं. मी त्यांना हे छप्पर पाहून या म्हणतो. पुढे याच कोरियांनी टोरंटोच्या इस्माइली सेंटरची रचना केली. २०१४ मध्ये ते उघडलं. त्यात मुसलमानांचा प्रार्थना कक्ष आहे. देणंघेणं असं दोन्ही बाजूंनी झालं.

हे सारं बोईसरच्या माणसाने का ऐकावं? १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, औद्योगिक वसाहत वाढली आणि देशभरातून माणसं इथे आली. सोबत आपापला देव घेऊन आली. आधी पत्र्याची शेड, मग स्लॅब, मग शिखर, घुमट किंवा मनोरा, असा प्रवास सगळ्यांचाच. वर्गणी जमते तेव्हा पहिला प्रश्न असतो, उंची किती? आमच्या मोहल्ल्यातल्या एका बैठकीत तरुण मुलांना मशिदीला आखाती देशांसारख्या बंद काचा आणि एसी हवा होता. एक म्हातारे चाचा एवढंच म्हणाले, "बेटा, लाइट गेली की नमाज कुठे पढायची?" बैठक बराच वेळ गप्प होती.

मुलांची हौस मला समजते. दूर गावी आलेल्या माणसाला आपलं घर ठळक दिसावंसं वाटतं. पण प्रार्थनेला बसलेल्याला मनोरा दिसत नाही. त्याला अंगावर येणारी झुळूक कळते, शेजारच्याचा खांदा कळतो, पावसाचा आवाज कळतो. जे घर या गोष्टींची काळजी घेतं, तिथे परका माणूससुद्धा दोन घटका टेकतो. दादरला मी असाच टेकलो आहे. मला कोणी धर्म विचारला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही देवाच्या घराचा नकाशा टेबलावर आला, तर उंचीच्या आधी एक विचारा: वारा कुठून येणार? आमच्याकडे तो पश्चिमेकडून येतो. समुद्र तिकडेच आहे.